छत्तीस महिने, वहिआवा

सैन्याच्या ओळखपत्रावर माझ्या नावाखाली
छापलंय : अवलंबित.
कॅप्टन ती आहे. शलाका.
मी तिच्या सामानाच्या यादीत
खोका क्रमांक एकशे सदतीस आणि सायकल
यांच्या मध्ये कुठेतरी.

वहिआवा म्हणजे ओआहू बेटाचं पोट. उंच, दमट.
समुद्र इथून दिसत नाही,
हे चिपळूणला आईच्या गळी उतरत नाही.
"बेटावर राहता आणि समुद्र नाही?"
नाही. छावणी आहे, अननसाची जुनी शेतं आहेत,
आणि माती, आपल्या सड्यावरची असावी तशी लाल.
मोज्याला एकदा लागली
की मोजा स्वतःला पुन्हा पांढरा म्हणवत नाही.

पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर कागद चिकटवला :
छत्तीस महिने, बावन्न ठिकाणं.
कासवं, ज्वालामुखी, उत्तर किनाऱ्याच्या हिवाळी लाटा.
प्रत्येकापुढे एक चौकोन, खूण करायला.
दर शनिवारी आम्ही बेट उरकत होतो,
लग्नसराईत एका दिवसात पाच मांडवांत
अक्षता टाकून पळावं तसं.

सातव्या महिन्यात तिची तुकडी गेली.
कुठे, ते तिने सांगायचं नव्हतं,
मी विचारायचं नव्हतं.
यादी एकोणीस खुणांवर थांबली.
कपाटात तिच्या चामडी पट्ट्यावर बुरशी धरायची,
मी पुसायचो, ती परत यायची.
रानकोंबडे रात्री दोनला आरवायचे.
पहाटेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

शेजारच्या मिसेस अगबयानी, वय ब्याऐंशी,
नवऱ्याचा जन्म अननसात गेला,
नळीने झाडांना पाणी घालता घालता म्हणाल्या,
"फौजेतले लोक पुदिना लावतात. कुंडीत. लवकर येतो ना."
मग नळी दुसऱ्या आळ्यात टाकून,
"एक सार्जंट होता, त्याने लिंबू लावलं.
अजून त्याची लिंबं खाते मी.
त्याचं नाव काही आठवत नाही."

त्यांच्या परसात अळू होतं.
पान उलटं धरून शिरांवरून बोट फिरवलं
आणि म्हणालो, हे मला येतं.
बेसन, गूळ, चिंचेचा कोळ. उंडे वाफवले, कापले, तळले.
दोघांचाही घसा असा खवखवला
की त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.
पुढच्या वेळी चिंच त्यांनीच घातली. मूठभर.

त्यानंतर मी बेट बघायला गेलो नाही.
नोनी म्हणजे आपली बारतोंडी, हे एका सोमवारी कळलं.
उलू म्हणजे नीरफणस. रव्यात घोळवून काप केले,
मंगळवार त्यात गेला.
बुधवारी काही झालं नाही. तोही बरा गेला.

नऊ महिन्यांनी शलाका परतली.
बूट दारात काढून फ्रिजसमोर उभी राहिली.
"एकोणीसच?"
"हो."
"मग इतके दिवस केलंस काय?"
मी तिला मागच्या दारी नेलं.
नीरफणसाचं गुडघाभर रोप,
घरमालकाला न विचारता, जमिनीत.
"फळ कधी?"
"चारेक वर्षांनी."
तिने बोटांच्या पेरांवर उरलेले महिने धरले,
अर्ध्यात सोडून दिले,
आणि बादली भरायला गेली.

पुढचा हुकूम न्यूयॉर्कच्या उत्तरेचा. फोर्ट ड्रम. बर्फ.
खोकी भरणाऱ्या पोराने तो फ्रिजवरचा कागद
चहाच्या कपाभोवती गुंडाळला,
तेहेतीस रिकाम्या चौकोनांसकट.
मिसेस अगबयानी निरोपाला आल्या नाहीत.
रोपाला पाणी घालत होत्या. हात वर केला फक्त.

विमानतळावर शेतकी खात्याच्या माणसाने विचारलं,
फळं? रोपं? माती?
नाही, म्हणालो.
शलाकाने माझ्या पायांकडे पाहिलं.
विकत घेतले तेव्हा
मोजे पांढरे होते.